गाडी आहे, नोकरी आहे, तरी रांगेत का?

मागच्या अंकात मी आमच्या फूड पॅन्ट्रीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ह्यूस्टनजवळ एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी गरजूंना फुकट किराणा वाटतात आणि मी तिथे नऊ वर्षं मदतीला जातेय, एवढंच लिहिलं होतं, तर त्यावर इतक्या मेल आल्या की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. नावं कुणाचीच दिली नाहीयेत.

प्रश्न : ताई, मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे डॅलसला आलेय. इथे एका शाळेच्या पार्किंगमध्ये फुकट धान्य घ्यायला गाड्यांची ही मोठी रांग बघितली. सगळे आपापल्या गाडीत बसलेले, हातात स्मार्टफोन. मुलगा म्हणाला गरीब लोक आहेत. गाडीत बसून येणारा माणूस गरीब कसा? मला खरंच कळलं नाही.

काकू, पहिल्या वर्षी मलाही हेच वाटायचं, आणि मी ते मनात ठेवून लोकांशी थोडी तुटक वागायचे, ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

गाडीचं असं आहे की टेक्ससमध्ये बहुतेक ठिकाणी गाडी नसेल तर नोकरीच नाही. बस एकतर नसते नाहीतर तासाला एक, आणि रात्री अकराला शिफ्ट सुटली की तीही नाही. गाडी म्हणजे इथे पाय आहेत. कर्जावर घेतलेली, दोन लाख मैल पळालेली, एका खिडकीला प्लास्टिक चिकटवलेलं अशी गाडी पण लांबून गाडीच दिसते ना. फोनचंही तेच. शिफ्ट कधी आहे ते फोनवर कळतं, नोकरीचा अर्ज फोनवर, सरकारी मदतीचा फॉर्म फोनवर, मुलाला ताप आलाय हा शाळेचा निरोप पण फोनवरच. या दोन गोष्टी माणूस शेवटपर्यंत सोडत नाही, आधी घर जातं, गाडी नंतर जाते.

एक प्रसंग सांगते. चारेक वर्षांपूर्वी एक बाई रांगेत होत्या, निळ्या युनिफॉर्ममध्ये, गळ्यात ओळखपत्र, वृद्धाश्रमात अटेंडंटचं काम करायच्या आणि रांगेतूनच शिफ्टला जाणार होत्या. मी पिशवी भरत होते, राजमा, मक्याचे दाणे, टोमॅटो, सगळे डबाबंद. त्यांनी एकेक डबा उचलून वरचं झाकण बघितलं आणि निम्मे परत ठेवले. मला वाटलं ब्रँड बघतायत की काय. मग हळूच म्हणाल्या, वर रिंग असलेले आहेत का, ओपनर लागत नाही असे? त्या आणि त्यांची दोन मुलं तीन आठवडे गाडीत झोपत होती. तांदूळ, पास्ता, पीठ काहीच नको होतं त्यांना, शिजवणार कुठे? रोज आठ तास दुसऱ्यांच्या आईवडिलांना आंघोळ घालणारी, जेवण भरवणारी ही बाई, पूर्ण वेळ नोकरी असलेली, आणि रात्री पार्किंगच्या दिव्याखाली मुलांना थंड राजमा भरवत होती.

घर गेलं कसं तर गाडीचं ट्रान्समिशन गेलं. ते दुरुस्त केलं म्हणून भाडं थकलं. टेक्ससमध्ये भाडेकरारात वेगळं काही लिहिलं नसेल तर घर सोडायची नोटीस फक्त तीन दिवसांची असते, त्यानंतर मालक कोर्टात जाऊ शकतो, आणि एकदा कोर्टातून घर खाली करायला लागल्याची नोंद झाली की पुढचा मालक ती बघतो आणि नाही म्हणतो. मग लोक आठवड्याच्या भाड्यानं मोटेलमध्ये राहतात, जे महिन्याला बरेचदा साध्या फ्लॅटपेक्षा महाग पडतं, म्हणून डिपॉझिटचे पैसे कधी साठतच नाहीत. आणि हे सगळं एका दुरुस्तीच्या बिलामुळे. फेडरल रिझर्व्ह म्हणजे इथली मध्यवर्ती बँक दरवर्षी लोकांना विचारते की अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर तुम्ही तो रोख किंवा तसाच, उधारी न करता, भागवाल का. २०२३ मध्ये ६३ टक्के लोक हो म्हणाले. म्हणजे दहातल्या जवळजवळ चार जणांना उधार घ्यावं लागलं असतं, काहीतरी विकावं लागलं असतं, नाहीतर तो खर्च झेपलाच नसता. हा जगातला सगळ्यात श्रीमंत देश आहे काकू. तुम्ही बघितलेल्या रांगेतल्या माणसाकडे वस्तू आहेत, पण हाताशी काहीच शिल्लक नाही, एक धक्का बसला की संपलं.

जानेवारी २०२४ च्या एका रात्री देशभर मोजणी झाली तेव्हा ७,७१,४८० लोक बेघर होते, त्यात शेल्टरमधले, रस्त्यावरचे, गाडीत झोपणारे असे सगळे येतात. पण स्वतःच्या पैशानं मोटेलमध्ये राहणारे, बहिणीच्या सोफ्यावर मुलांना घेऊन झोपणारे, हे त्यात धरलेलेच नाहीत.

प्रश्न : मी इथे मास्टर्स करतोय. अमेरिकेत ११ टक्के गरीब असं वाचलं, मग तो आकडा काढतात कसा? गरीब कोण हे ठरवतं कोण?

चांगला प्रश्न विचारलास, कारण सगळी मदत या गरिबीच्या रेषेवर लटकलेली आहे.

२०२३ चा अधिकृत आकडा ११.१ टक्के, म्हणजे ३ कोटी ६८ लाख माणसं. यातली रेषा आखली मॉली ओर्शान्स्की नावाच्या बाईंनी, १९६३ च्या सुमारास, सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शनच्या ऑफिसात अर्थतज्ज्ञ होत्या आणि स्वतः न्यूयॉर्कमधल्या गरीब स्थलांतरित घरातून आलेल्या. त्यांनी सरकारचा सगळ्यात स्वस्त आहाराचा तक्ता घेतला, पैशाची फारच ओढाताण असताना तात्पुरता चालवून घ्यायचा असा तो तक्ता होता, आणि त्याच्या खर्चाला तीनानं गुणलं. कारण १९५५ च्या पाहणीत घरखर्चाचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जायचा. त्या काळात हा हिशोब शहाणपणाचाच होता, बाईंचा काही दोष नाही. पण तेव्हापासून आजपर्यंत तीच रेषा महागाईप्रमाणे फक्त वर सरकवतात. आज जेवणावर खर्चाचा साधारण आठवा हिस्सा जातो आणि घरावर तिसरा, पाळणाघर तर त्या काळी हिशोबातच नव्हतं. शिवाय रेषा मुख्य भूमीवर सगळीकडे एकच, मॅनहॅटनमध्ये राहा नाहीतर मिसिसिपीच्या खेड्यात.

आता एक हिशोब स्वतः करून बघ. फेडरल मिनिमम वेज, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन, तासाला ७.२५ डॉलर आहे, जुलै २००९ पासून तेवढाच. बऱ्याच राज्यांनी स्वतःचा दर वाढवलाय, टेक्ससनं नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही सुट्टी नाही, एकही आजारपण नाही, तर होतात १५,०८० डॉलर. २०२४ साली सरकारी मदतीसाठी एकट्या माणसाची गरिबीची मर्यादा होती १५,०६० डॉलर. म्हणजे ही व्यक्ती वीस डॉलरनं गरीब नाही! कागदावर ती वर आली, संपलं. तिला एक मूल असेल तर दोघांची मर्यादा २०,४४० होती, म्हणजे पूर्ण वेळ राबूनही ती पाच हजारांपेक्षा जास्त डॉलर खाली. हॉटेलात टिप घेऊन वाढणाऱ्यांचा फेडरल दर तर २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून, टिप धरून ७.२५ पर्यंत पोचलं नाही तर मालकानं भरून द्यायचं असा नियम आहे पण ते मागायला जाणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही.

२०११ पासून जनगणना खातं दुसरंही एक मोजमाप काढतं ज्यात घरभाडं, टॅक्स, सरकारी मदत, औषधपाणी सगळं धरतात. ते जास्त खरं आहे असं माझं मत. खाली एका उत्तरात तेच आकडे वापरलेत.

प्रश्न : मी २००६ मध्ये दोन बॅगा आणि थोडेसे डॉलर घेऊन आलो, कुणी मदत केली नाही, आज स्वतःचं घर आहे. इथे जन्मलेल्यांना इंग्लिश येतं, सिटिझनशिप आहे, शाळा फुकट आहे. तरी जमत नाही म्हणजे कष्टाची तयारी नाही, हे स्पष्ट बोलायला लोक का घाबरतात?

दादा, तुमच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण त्या दोन बॅगांबरोबर अजून काय आलं होतं ते बघू या. इंजिनियरिंगची डिग्री होती, आणि इथल्या मुलांसारखं डोक्यावर शिक्षणाचं मोठं कर्ज बहुधा नव्हतं. नोकरीचं पत्र किंवा युनिव्हर्सिटीची ॲडमिशन होती, कारण त्याशिवाय आपल्याला बहुतेक वेळा व्हिसाच मिळत नाही. म्हणजे आपल्याला इथे येण्याआधीच चाळणीतून गाळून घेतलेलं असतं. भारतीय कुटुंबांचं उत्पन्न या देशात सगळ्यात वरच्या गटात आहे त्याचं मोठं कारण ही चाळणी आहे, हे आपण आपल्या पार्ट्यांमध्ये कधी बोलत नाही.

आणि शाळा फुकट आहे हे अर्धंच खरं. शाळेचा बराच पैसा त्या भागातल्या घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. तुम्हीही घर घेताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घर कुठल्या सरकारी शाळांच्या भागात येतं, तेच बघितलं असणार, मीही तेच केलं. म्हणजे चांगली शाळा आपण घराच्या किमतीत विकत घेतली.

यावर आपल्याच टेक्ससमधली एक मोठी केस आहे, सॅन अँटोनियोची. तिथे एजवूड नावाचं डिस्ट्रिक्ट, बहुतेक मेक्सिकन वंशाची, कष्टकरी कुटुंबं, आणि त्याच शहरात अलामो हाइट्स, श्रीमंत वस्ती. एजवूडचे लोक दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर टॅक्स भरत होते, अलामो हाइट्सचे ०.८५. म्हणजे गरीब वस्तीचा दर जास्त होता! तरी त्यातून एजवूडला स्थानिक पैसा मिळायचा मुलामागे २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३, कारण घरंच स्वस्त तर टॅक्स कितीसा जमणार. राज्य आणि केंद्राचे पैसे मिळवूनसुद्धा ३५६ विरुद्ध ५९४. हे १९६७-६८ च्या शालेय वर्षाचे आकडे. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक कोर्टात गेले, केस सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते हरले. कोर्ट म्हणालं की शिक्षण हा राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. नंतर टेक्ससच्या कोर्टानं १९८९ मध्ये राज्याची पद्धत चुकीची ठरवली आणि श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून काही पैसे गरिबांकडे वळवायला लागले, त्यानं फरक पडला, पण पाया अजून तोच आहे, घराची किंमत. आता सांगा, त्या पालकांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? जास्त दरानं टॅक्स भरला, कोर्टात पाच वर्षं लढले.

आणि घरं स्वस्त का राहिली त्यालाही इतिहास आहे. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे काढले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. सरकारी हमीची गृहकर्जं गोऱ्या उपनगरांना मिळाली. घरखरेदीतल्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा यायला १९६८ उजाडलं. तोपर्यंत गोऱ्यांच्या एका पिढीनं घर घेतलं, त्याची किंमत वाढली, त्यावर मुलं शिकली, आणि काळ्यांची तीच पिढी भाडंच भरत राहिली. २०२२ मध्ये मधल्या, म्हणजे संपत्तीच्या क्रमानं बरोबर मध्ये येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची संपत्ती होती २,८५,००० डॉलर आणि मधल्या काळ्या कुटुंबाची ४४,९००. एका पिढीच्या आळसानं एवढी दरी पडत नाही हो.

आज वरच्या १ टक्का घरांकडे देशाच्या संपत्तीचा साधारण ३० टक्के वाटा आहे आणि खालच्या निम्म्या देशाकडे मिळून जेमतेम अडीच टक्के. खालच्या निम्म्यात कोण येतं? आपलं ऑफिस रात्री पुसणारे, आपल्या ऑर्डरचे खोके उचलणारे, आपल्या मुलांच्या शाळेची बस चालवणारे. तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एकच विनंती करते, एका शनिवारी आमच्याकडे या. खरंच या, सकाळी सातला. त्या रांगेत उभ्या असलेल्यांना विचारा आज कामावर किती वाजता जायचंय.

प्रश्न : गरिबांना इथे औषधोपचार फुकट असतात ना?

राज्यावर अवलंबून आहे. मेडिकेड नावाची गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची योजना १९६५ पासून आहे आणि २०१० च्या आरोग्यविम्याच्या कायद्यानंतर ४० राज्यांनी ती वाढवली, १० नी नाही, त्यात टेक्सस. इथे धडधाकट प्रौढ माणूस, मूलबाळ नाही, तर कितीही गरीब असला तरी मेडिकेड नाही. मुलं असली तरी पालकांचं उत्पन्न अगदीच नगण्य असलं पाहिजे. आणि बाजारातला इन्शुरन्स घ्यायला सरकारी सबसिडी मिळते ती गरिबीच्या रेषेपासून वर. म्हणजे वरच्या हिशोबातली ती १५,०८० वाली बाई आठवते ना, तिचे मॅनेजरनं थोडे तास कापले की ती रेषेखाली गेली आणि सबसिडीतून बाहेर! गरीब झाली म्हणून मदत गेली. इमर्जन्सीत हॉस्पिटलला तपासून तब्येत स्थिर करावीच लागते, १९८६ पासून कायदा आहे, पण बिल येतंच. आणि डायबेटिसच्या रोजच्या गोळ्या इमर्जन्सीत मिळत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे साफसफाईला एक बाई येतात, एकट्या आहेत, मुलगा बारा वर्षांचा, अपंग आहे. मी त्यांना अजून दोन घरं मिळवून देत होते तर नको म्हणाल्या. मला जरा राग आला. एवढी चांगली संधी का नाकारली असेल?

बरं झालं विचारलंत, राग मनात धरून बसला नाहीत. त्यांच्या मनातलं मी कसं सांगणार, पण अंदाज करू शकते. मुलाला बहुतेक एसएसआय मिळत असेल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंगांना दर महिन्याला मिळणारी सरकारी रक्कम, २०२५ मध्ये जास्तीत जास्त ९६७ डॉलर. मूल अठराच्या आतलं असेल तर आईची कमाई त्यात धरतात. कमाई वाढली की ती रक्कम कमी होते, फारच वाढली तर बंद, आणि टेक्ससमध्ये एसएसआयबरोबर मुलाचं मेडिकेड आपोआप येतं, ते पण धोक्यात. दोन घरांच्या सफाईचे पैसे मिळवायला जाऊन मुलाची थेरपी, व्हीलचेअर, औषधं गेली तर? शिवाय तुमची घरं दोन महिन्यांत सुटली तर परत फॉर्म भरून सगळं चालू व्हायला किती महिने जातील कोण जाणे. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

बचतीचं तर अजून कठीण. एसएसआय घेणाऱ्या एकट्या माणसाकडे राहतं घर आणि एक गाडी सोडून २,००० डॉलरपेक्षा जास्त काही असता कामा नये. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. १९८९! स्नॅप म्हणजे किराण्याच्या कार्डासाठीसुद्धा टेक्सस तुमच्या गाडीची किंमत बघतं. साठवू नका, आणि गरीबही राहू नका, असं दोन्ही एकदम कसं जमायचं माणसाला?

त्यांना एक गोष्ट जरूर सांगा, एबल खातं. अपंग व्यक्तीच्या नावानं उघडतात आणि त्यातले पहिले एक लाख डॉलर एसएसआयच्या मोजणीत येत नाहीत. टेक्ससमध्ये आहे ही योजना. पॅन्ट्रीत मी विचारते तेव्हा बहुतेक आईबापांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं. आणि घरं वाढवण्याऐवजी त्यांचा दर वाढवता येईल का ते बघा, पण आधी त्यांना विचारून, कारण तीही कमाईच धरली जाणार.

प्रश्न : हे सगळं वाचून हताश व्हायला होतं. कुठल्या सरकारी योजनेनं खरंच गरिबी कमी झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि फार जुनंही नाही.

मार्च २०२१ मध्ये कोविडच्या मदतीचा मोठा कायदा झाला त्यात चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे आईबापांना टॅक्समधून मिळणारी मदत, वाढवलं, सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर आणि १७ पर्यंतच्या मुलामागे ३,०००. जुलै ते डिसेंबर त्यातले अर्धे पैसे दर महिन्याला थेट खात्यात आले, लहान मुलामागे ३०० आणि मोठ्यामागे २५०. आणि मुख्य म्हणजे ज्या आईबापांची कमाई कमी किंवा शून्य त्यांनाही पूर्ण मिळाले, आधी उलट होतं, जितकं गरीब तितकं कमी मिळायचं.

त्या दुसऱ्या मोजमापानं मुलांची गरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, २०२१ मध्ये ५.२ वर आली. एका वर्षात! इतकी कमी त्या मोजमापात आधी कधीच नव्हती. त्या पावसाळी सप्टेंबरात आमच्याकडे नेहमी येणारी एक आजी, नातवंडं सांभाळणारी, आली ती पिशवी न घेता. म्हणाली या महिन्याला नको, मी सांगायला आले की आम्ही बरे आहोत. मुलांना तिनं शाळेसाठी नवे बूट घेतले होते, त्यांच्याच मापाचे, पुढच्या वर्षी पण होतील म्हणून दोन नंबर मोठे नाही. हे तिनं मला दोनदा सांगितलं.

डिसेंबरनंतर हप्ते बंद झाले. पुढे चालू ठेवायला सिनेटमध्ये मतं जमली नाहीत. २०२२ चा आकडा १२.४ टक्के, दुपटीहून जास्त, म्हणजे सुमारे ३८ लाख मुलांवरून ९० लाखांवर. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी ती आजी परत रांगेत होती. त्या वर्षभरात आईबाप अचानक आळशी झाले का? मुलं तीच, घरं तीच, देशाची श्रीमंती तीच. मला राग याचा येतो की जमतं हे दिसलं होतं, आकड्यांत दिसलं, आजीच्या पिशवीत दिसलं, आणि तरी सोडून दिलं.

प्रश्न : आमचा दहा-बारा कुटुंबांचा ग्रुप आहे, दिवाळीच्या आसपास काहीतरी द्यायचं ठरवतोय. काय द्यावं?

जमलं तर पैसेच द्या, फूड बँकेला घाऊक भावात आपल्यापेक्षा बरंच जास्त धान्य मिळतं. ओळखीत कुणी अडचणीत असेल तर त्यांना २११ हा नंबर द्या, भाडं, वीजबिल, जेवण, जवळपास कुठे काय मदत आहे ते तिथे सांगतात.

वस्तूच द्यायच्या असतील तर स्नॅपच्या कार्डावर काय मिळत नाही ते लक्षात ठेवून द्या. साबण, टूथपेस्ट, टॉयलेट पेपर, सॅनिटरी पॅड, डायपर, यातलं काहीही त्या कार्डावर घेता येत नाही. गरम तयार जेवणही नाही, म्हणजे गाडीत राहणाऱ्याला दुकानातली गरम भाजलेली कोंबडी त्यावर घेता येत नाही, थंड झालेली चालते. डबे देणार असाल तर वर रिंगवाले द्या. आणि डायपर देताना लोक नेहमी नवजात बाळाचे आणतात कारण ते पॅकेट गोड दिसतं, आमच्याकडे तसे ढीगभर पडून आहेत, पाच आणि सहा नंबरचे मात्र सकाळी नऊच्या आत संपतात.